चित्र न काढणाऱ्यांना डिझाइन थिंकिंग

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात एमबीएच्या वर्गाला इनोव्हेशन मॅनेजमेंट शिकवते. विद्यार्थ्यांत वाणिज्य पदवीधर, काही अभियंते आणि घरचा यंत्रमाग कारखाना सांभाळणारे दोघे-तिघे आहेत. डिझाइन थिंकिंगचे, म्हणजे वापरणाऱ्याला समजून घेऊन प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीचे, पाच टप्पे त्यांना पाठ आहेत, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्याही लागतात. पण शेवटी निघते ते ‘ॲप काढू’ एवढेच. ‘आम्हाला चित्र काढता येत नाही’ ही तक्रार वेगळीच. कोठे चुकते आहे?
– एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : चित्रकलेची शंका आधी दूर करू. असलेली परिस्थिती हवी तशी बदलण्यासाठी कृती आखणारा प्रत्येक जण डिझाइनच करत असतो, असे हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्येच मांडले. आणि ते स्वतः डिझायनर नव्हते, त्यांना पुढे १९७८ मध्ये नोबेल मिळाले तेही अर्थशास्त्राचे.

खरी चूक वेळेच्या वाटणीत असावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेने रूढ केलेल्या पाच टप्प्यांपैकी (माणसाला समजून घेणे, प्रश्न ठरवणे, कल्पना सुचवणे, नमुना करणे, तो तपासणे) कल्पना सुचवण्याचा तिसरा टप्पा सर्वांत सोपा आणि गमतीचा असल्याने वर्गाचे बहुतेक तास तोच खातो. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलच्या दुहेरी हिऱ्याच्या (डबल डायमंड) आकृतीत, जिथे एक हिरा प्रश्नाचा आणि दुसरा उपायाचा असतो, मात्र पहिला अख्खा हिरा नेमका प्रश्न कोणता, हे शोधण्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

अशाच एका वर्गाला घेऊन मी टॉवेलच्या कारखान्यात गेलो होतो. मालकाने दिलेला प्रश्न होता, ‘पॅकिंगचा वेग कसा वाढवावा?’ मुलांनी येतानाच नव्या यंत्राचा हिशेब मांडून आणला होता. मी त्यांना वह्या मिटायला लावून तासभर घडी घालणाऱ्या बायकांजवळ नुसते बसवले. नगावर मजुरी असल्याने पाहुण्यांसमोर सगळ्यांचेच हात भरभर चालत होते. अर्ध्या तासाने ते नेहमीच्या गतीवर आले, तेव्हा एका मुलीच्या लक्षात आले की प्रत्येक टॉवेल घडीआधी दोनदा उलटला जातो आहे. तिला तेलुगू येत होते, आणि पूर्वभागात, म्हणजे सोलापूरच्या तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीत, त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कोणत्याही प्रश्नावलीचा होत नाही. उत्तर मिळाले : शिलाईत लेबल कधी या कोपऱ्यात लागते, कधी त्या, त्यामुळे ते आधी शोधावे लागते. मग प्रश्नच बदलला. तो पॅकिंगचा राहिला नाही, शिलाईचा झाला. नमुना म्हणून शिलाईच्या टेबलावर खडूची एक खूण केली आणि वीस टॉवेलांवर ती तपासली. पहिली खूण चुकीच्या बाजूला पडली होती, ती पुसून दुसरी केली. चित्रकलेची गरज पडली ती एवढीच.

म्हणून पहिले तीन आठवडे उपाय सुचवण्यास सरळ बंदी घालावी, असे माझे मत आहे. गुणही अंतिम कल्पनेला कमी आणि ‘सुरुवातीचा प्रश्न काय होता, काय पाहिल्यावर तो बदलला’ या दोन पानांच्या टिपणाला जास्त द्यावेत. गुण जिकडे, मुले तिकडे. आपल्या कारखानदार विद्यार्थ्यांना खर्च, माग आणि मजुरी यांची जाण आहे, ती नमुना तपासताना डिझायनरपेक्षाही कामी येते. मात्र त्यांना स्वतःच्या कारखान्यात पाठवू नका. मालकाच्या मुलाला कोणतीही कामगार बाई लेबल शोधावे लागते असे सांगणार नाही.