कायद्याचे प्रश्न : बिनपरवाना ठेवी आणि झडतीचे वॉरंट

प्रश्न : आमच्या इमारतीतल्या गाळ्यात एक भागीदारी पेढी 'बँकेपेक्षा जास्त व्याज' म्हणून लोकांच्या ठेवी घेत होती. पोलिसांनी झडती घेतली, पण कोर्टाचे वॉरंट नव्हते. पोलीस अधीक्षकांचे एक पत्र दाखवले. वॉरंट नसताना झडती वैध कशी?

उत्तर : वैध असू शकते, पण झडती नेमकी कोणत्या कायद्याखाली झाली ते आधी पाहा. 'बिनपरवाना बँकिंग' हा शब्द आपण ढोबळपणे वापरतो. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २२ ची परवान्याची अट कंपनीला लागू होते. व्यक्तीने किंवा भागीदारी पेढीने ठेवी घेतल्या तर रिझर्व्ह बँक अधिनियमाचे कलम ४५एस (अशा ठेवी घ्यायला मनाई करणारे) लागते, आणि त्याच्या जोडीला २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम.

कलम ४५एस च्या प्रकरणात झडती हवी असेल तर कलम ४५टी प्रमाणे कोर्टाकडूनच वॉरंट घ्यावे लागते. अर्ज रिझर्व्ह बँकेचा किंवा राज्य सरकारने त्यासाठी प्राधिकृत केलेला अधिकारीच करू शकतो. ठेवीदाराला थेट तो मार्ग नाही. २०१९ च्या कायद्याचे कलम ३१ मात्र पोलिसांना वॉरंटशिवाय आत शिरू देते. त्यासाठी अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी, काय शोधायचे ते शक्य तितके आधी लिहून ठेवायला हवे आणि झडती सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत व्हायला हवी. थांबलो तर पुरावा दडवला जाईल किंवा आरोपी पळेल असे वाटले, तर अधीक्षकांच्या परवानगीविनाही रात्री जाता येते. फक्त तसे वाटण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. तुम्हाला दाखवलेले पत्र बहुधा हीच परवानगी असावी. त्यावरची तारीख आणि पंचनामा सुरू झाल्याची वेळ शेजारी ठेवून बघा. परवानगी झडतीनंतरची निघाली तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

प्रश्न : दुसऱ्या एका झडतीत वॉरंटवर 'ठेवींसंबंधी सर्व कागदपत्रे' एवढेच लिहिले होते. इतके मोघम वॉरंट टिकते का?

उत्तर : एवढ्यावरून ते आपोआप बाद होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९६ (जुन्या फौजदारी संहितेचे ९३) मध्ये 'सर्वसाधारण झडती'ची सोय आहे. कुट्टन पिल्लै प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, पण दंडाधिकाऱ्याने विचार करून वॉरंट काढल्याचे दिसले पाहिजे यावर भर दिला. वॉरंटाचा खरा कस इथेच लागतो. छापील नमुन्यात फक्त नाव आणि पत्ता भरलेला, खाली सही, आणि अर्जावर आदेशाची एक ओळसुद्धा नाही, असे वॉरंट उच्च न्यायालयात लंगडते. अर्जासोबत ठेवीदारांचे जबाब, दोनचार ठेव पावत्यांच्या प्रती, जाहिरात आणि बँक खात्याचा उतारा असेल, आणि आदेशात त्यांचा उल्लेख असेल, तर 'सर्व कागदपत्रे' हे शब्दही तग धरतात. लोकांकडून पैसे घेणे, व्याजासह परत करण्याचे वचन आणि नोंदणी नसणे, या तिन्ही गोष्टी त्या कागदांतून दिसायला हव्यात.

चांगल्या वॉरंटमध्ये पेढीचे नाव, मजला आणि गाळा क्रमांक, व्यवहारांचा कालावधी आणि कागदांचे प्रकार लिहिलेले असतात : ठेव पावत्यांच्या स्थळप्रती, रोजकीर्द, खतावणी, एजंटांच्या कमिशनचे तक्ते, संगणकातील नोंदी. शेजारचा गाळा त्याच मालकाचा असला तरी वॉरंटमध्ये नसेल तर त्याचे कुलूप उघडता येत नाही. वॉरंटवर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का लागतो. ते एकदा बजावले की संपते. आठवड्याने 'राहिलेल्या फायली' न्यायला यायचे तर नवे वॉरंट आणावे लागते.

बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटणारा मुद्दा असा की कलम ४५टी चे वॉरंट फक्त कागदपत्रांसाठी असते. तिजोरीतली रोकड आणि सोने त्यात बसत नाही. ते उचलायचे असेल तर पोलिसांना संहितेच्या कलम १०६ चा वेगळा आधार दाखवावा लागतो आणि पंचनाम्यात तसे लिहावे लागते. आमच्या मते 'एकदाच सगळे भरून न्या' या घाईत सर्वाधिक गफलती इथेच होतात.

प्रश्न : आरोपीनेच आपली वहीखाती आणून द्यावीत असा समन्स काढला आणि त्याने नकार दिला, तर त्या नकारावरून वॉरंट निघते का?

उत्तर : नाही, आणि हे पोलिसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. श्यामलाल चोक्सी हे प्रकरण गुजरातमधल्या एका नोंदणीकृत सावकाराचे होते. पोलिसांनी त्याची रोजकीर्द आणि खतावणी समन्सने मागवली, आणि साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की हा समन्स आरोपीला लागूच होत नाही. मग 'समन्स पाळला नाही' किंवा 'पाळणार नाही' या कारणाचे वॉरंटही आरोपीविरुद्ध उभे राहत नाही. वाट उरते ती सर्वसाधारण झडतीची. त्यात आरोपी स्वतः काही हजर करत नाही, अधिकारी शोधून घेतो, म्हणून स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होत नाही. थोडक्यात, अर्जात कलम ९६ चा चुकीचा खंड लिहिला की चांगले प्रकरणही अडकते.

प्रश्न : झडतीत चूक झाली तर खटलाच कोसळतो का?

उत्तर : सहसा नाही. पूरणमल प्रकरणात डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यात स्पष्ट मनाई नसेल तर बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही संबद्ध असल्यास वाचला जातो. पण वाचला जाणे वेगळे आणि त्यावर विश्वास बसणे वेगळे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत. त्याच पोलीस ठाण्याच्या दहा पंचनाम्यांत दिसणारा सराईत पंच आणला, तर उलटतपासात जप्तीचा निम्मा जीव जातो. जप्त केलेली प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीतून, कुठल्या कपाटातून मिळाली ते यादीत हवे. 'एक पोते कागदपत्रे' ही नोंद म्हणजे पुढच्या वादाला आमंत्रण. पोत्यात २०० पावत्या होत्या की २५०, हे नंतर कोण सिद्ध करणार? पावतीपुस्तकांचे पहिले आणि शेवटचे क्रमांक लिहावेत. हार्ड डिस्कची हॅश व्हॅल्यू (आतला मजकूर बदलला की बदलणारा ओळख-क्रमांक) जागेवरच घ्यावी. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात ती लागते.

१ जुलै २०२४ पासून संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे आणि यादीवर सह्या होण्याचेही दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. चित्रण पंचनाम्याच्या मध्येच सुरू झालेले आढळले तर खुलासा मागा.

प्रश्न : माझे दुकान त्याच पेढीच्या नावावर आहे. झडतीच्या वेळी मला बाहेर काढले, यादीही दिली नाही.

उत्तर : जागेच्या ताबेदाराला किंवा त्याच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावेच लागते, आणि पंचांच्या सहीची यादीची प्रत द्यावी लागते. दंडाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून प्रत मागा. बाहेर काढल्याची तक्रार त्याच अर्जात वेळेसह लिहा. बँक खाते २०१९ च्या कायद्याच्या कलम ३१ खाली गोठवले असेल तर दिवस मोजा : त्या कायद्यासाठी नियुक्त न्यायालयाच्या आदेशाविना ते ३० दिवसांपलीकडे गोठवता येत नाही.

प्रश्न : बिनपरवाना सावकारालाही हेच नियम का?

उत्तर : नाही. तो कर्ज देतो, ठेवी घेत नाही. तिथे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागतो आणि कलम १६ खाली सहकार खात्याचे अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेतात. एकच माणूस ठेवी घेऊन त्याच पैशांतून कर्ज देत असेल तर दोन्ही कायदे लागतात. अशा वेळी पंचनामेही दोन, वेगवेगळे करावेत.