फॉर्म सबमिट होतो, पण पीएचपीत पोस्टचा अ‍ॅरे रिकामाच

तुमची अडचण मला अशी समजली: बटण दाबलं की पान पुन्हा लोड होतं, एरर काहीच येत नाही, पण रिक्वेस्ट मेथड ‘पोस्ट’ आहे का (म्हणजे माहिती पत्त्यात न दिसता आली का; ‘गेट’मध्ये ती पत्त्यात दिसते) हे बघणाऱ्या इफच्या आत कोड शिरतच नाही. आणि हे फक्त सर्व्हरवर. स्वतःच्या मशीनवर तोच फॉर्म व्यवस्थित चालतो.

या शेवटच्या वाक्यामुळे माझा संशय तुमच्या पीएचपीवर नाही, वाटेतल्या रीडायरेक्टवर आहे, म्हणजे सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्याच पत्त्याकडे वळवतो त्यावर. पण मी सांगतोय म्हणून मानू नका, सर्व्हरला काय मिळालं ते त्यालाच विचारा.

फाइलच्या अगदी वर, कुठलंही इन्क्लूड करण्याआधी, सर्व्हर अ‍ॅरेतल्या चार किमती एरर लॉगमध्ये टाका: रिक्वेस्ट मेथड, रिक्वेस्ट यूआरआय, कंटेंट टाइप आणि कंटेंट लेंग्थ. एको करू नका. पुढे कुठे हेडर पाठवत असाल तर तिथे नवीनच घोळ होईल. गेट रिक्वेस्टमध्ये शेवटच्या दोन किमती नसूही शकतात, म्हणून दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरून त्यांना रिकामी स्ट्रिंग द्या. आता फॉर्म एकदाच सबमिट करा आणि लॉग उघडा.

मेथड ‘गेट’ दिसली आणि यूआरआयमध्ये प्रश्नचिन्हापुढे तुमच्या फील्डची नावं आली, तर फॉर्मच्या टॅगमध्ये मेथड लिहायची राहिली आहे किंवा तिचं स्पेलिंग चुकलं आहे. ब्राउझर अशा वेळी मुकाट्याने गेट धरतो.

मेथड ‘गेट’, पण यूआरआय स्वच्छ, मागे काहीच नाही? मग रीडायरेक्टच. याच दुखण्यात माझ्या दोन रात्री गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नोंदणीचा फॉर्म होता. अ‍ॅक्शनमध्ये (म्हणजे फॉर्म ज्या पत्त्यावर जातो तिथे) मी फोल्डरचं नाव दिलं होतं, शेवटी स्लॅश न देता. अपाची हा वेब सर्व्हर अशा पत्त्याला 301, म्हणजे रीडायरेक्टचा कोड, देऊन स्लॅशवाल्या पत्त्याकडे पाठवतो. 301 किंवा 302 मिळाला की ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि भरलेली माहिती तिथेच गळून पडते. माझ्या मशीनवर पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर चालू होता, तो असा रीडायरेक्ट करत नाही, त्यामुळे तिथे कधी काही बिघडलंच नाही. मी मात्र व्हॅलिडेशनचा कोड ओळ न ओळ तपासत बसलो होतो.

हे डोळ्यांनी बघायचं तर डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करून सबमिट करा. वरच्या ओळीत पोस्ट आणि 301, तिच्याखाली गेट आणि 200 (सगळं ठीक). या दोन ओळी दिसल्या की चोर सापडला. वरच्या ओळीच्या लोकेशन हेडरमध्ये जो पत्ता आहे, तोच तुमच्या अ‍ॅक्शनमध्ये हवा. स्लॅश, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असणं-नसणं, एचटीटीपीऐवजी एचटीटीपीएस, फरक बहुधा यातलाच एक असतो. रीडायरेक्ट ठेवणं भागच असेल तर 308 द्या, त्यात मेथड आणि माहिती दोन्ही टिकतात. तरी मी अ‍ॅक्शनच दुरुस्त करेन.

आता मेथड ‘पोस्ट’ आली, तर आधी इफमधली तुलना बघा. ही किंमत मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत येते, तुम्ही छोट्या अक्षरांत लिहिलं असेल तर ती कधीच जुळणार नाही. मात्र कोड इफच्या आत जातोय आणि तरी अ‍ॅरे रिकामा आहे, असं निघालं तर कंटेंट टाइप पाहा. तिथे जेसन (माहिती लिहायचा एक वेगळा साचा) दिसला तर पीएचपी पोस्टचा अ‍ॅरे भरतच नाही, तो मजकूर पीएचपी इनपुट स्ट्रीममधून वाचावा लागतो. फाइल अपलोड असेल तर कंटेंट लेंग्थ बघा. पोस्ट मॅक्स साइज, म्हणजे पीएचपी स्वीकारेल ती कमाल मर्यादा, मुळात 8 एमबी असते, म्हणजे 8388608 बाइट. लेंग्थ त्यापुढे गेली की पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात. आणि इनपुटला फक्त आयडी आहे, नेम नाही, तर ते फील्ड पाठवलंच जात नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नव्हती, पण तुमच्या कोडमध्ये दिसली आणि तिची मला जास्त काळजी वाटते. अ‍ॅक्शनमध्ये पीएचपी सेल्फ, म्हणजे चालू फाइलचा पत्ता देणारी किंमत, तशीच छापली आहे. फाइलच्या नावापुढे स्लॅश देऊन कुणी स्क्रिप्ट जोडलेली लिंक पाठवली, तर ती स्क्रिप्ट तुमच्याच पानात छापली जाऊ शकते. त्याच पानावर सबमिट करायचं असेल तर अ‍ॅक्शन काढूनच टाका, फॉर्म आपोआप चालू पत्त्यावर जातो.

लॉगमधल्या त्या चार किमती इथे टाका, मी बघतो.