मोठीला नका नेऊ, बाळाला घ्या

प्रश्न : नमस्कार ताई, माझं दुसरं बाळंतपण होऊन पाच आठवडे झालेत, सिझर होतं, मुलगा झाला. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची, इतकी शहाणी होती पण आता रोज रात्री गादी ओली करते, बाटलीतून दूध मागते, मी बाळाला पाजायला घेतलं की नेमकी तेव्हाच तिला शी लागते, परवा तर बाळाला असा चिमटा काढला की गालावर वळ उठला. सासूबाई म्हणतात महिनाभर तिला आत्याकडे पाठवू, तुला जरा आराम. मिस्टरांची सुट्टी संपलीये. मला सारखं रडू येतं, काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, आधी एक कर, तिला आत्याकडे पाठवू नकोस. सासूबाईंना तुझी काळजी आहे म्हणूनच त्या बोलल्या, पण त्या पोरीला एवढंच कळणार की बाळ आलं आणि मला घराबाहेर काढलं. आत्यालाच बोलवा की चार दिवस.

गादी ओली करणं, बाटली मागणं हे धाकटं भावंड आलं की खूप मुलं करतात. तिला दिसतंय ना, जो रडतो, जो ओलं करतो त्याच्याकडे आई धावते, मग तीही तेच करून बघते. रागावलं की हे आणखी लांबतं, त्यामुळे गादीवर रबरी शीट घाला आणि रात्री काही न बोलता चादर बदला. फक्त शू करताना जळजळ, ताप किंवा खूप तहान असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे मदतीला आलेलं प्रत्येक माणूस मोठ्या मुलाला बाहेर नेतं, मला हे अजिबात पटत नाही. उलट करा. बाळाला दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजायचं ते तूच करणार, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, मालिश, झोपवणं हे सासूबाई आणि मिस्टर करू शकतात. पाजून झालं की बाळ त्यांच्याकडे आणि तू मोठीकडे, रोज निदान वीस मिनिटं, मोबाइल बाहेर ठेवून. तिला उचलू मात्र नकोस, सिझरचे टाके आहेत, तू पलंगावर बस आणि तिला म्हण ये, चढ मांडीवर. आणि कधीतरी तिला ऐकू जाईल असं बाळाला सांग, ‘थांब रे, मी आत्ता ताईबरोबर आहे’, कारण दिवसभर ‘थांब, बाळ झोपलंय’ हे ती एकटीच ऐकत असते.

पाजायच्या वेळेसाठी एक डबा ठेव, त्यात कुरमुरे, खडू, एखादं चित्रांचं पुस्तक, आणि तो फक्त तेव्हाच उघडायचा. आधी शीला नेऊन आण मग पाजायला बस. चिमटा काढला तर हात धरून ‘त्याला दुखतं, असं करायचं नाही’ एवढंच बोल, पण दोघांना खोलीत एकटं मिनिटभरही सोडू नका आणि रात्री शेजारी शेजारी झोपवू नका. ‘आता तू मोठी झालीस’ हे तर घरात सगळ्यांनीच बंद करा, साडेतीन वर्षांची आहे ती.

आता तुझं. बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे रडू येणं कॉमन आहे, पण तुला पाच आठवडे झालेत. दिवसातला बराच वेळ उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर तो आजार असू शकतो आणि तो उपचारांनी बरा होतो. बाळाच्या दीड महिन्याच्या लशी आता येतीलच, त्याच फेरीत तुझ्या डॉक्टरांना हे सगळं स्पष्ट सांग, अंगावर पाजताना चालणारी औषधंही असतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फ्री आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर एकटी राहू नकोस, लगेच घरच्यांना सांग आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि हे मिस्टरांनाही वाचायला दे. ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन बाळाला त्यांनी घ्यायचं, मोठीचं जेवण तुझ्या हातून होऊ दे.