डिस्टोपियन कादंबरी फार संथ वाटतेय, अर्ध्यात सोडू का?

तुम्ही विचारलंय, 'एवढी नावाजलेली डिस्टोपियन (म्हणजे भयाण, जुलमी समाज रंगवणारी) कादंबरी, शंभर पानं झाली तरी काही घडेना. दोष माझा की पुस्तकाचा?'

पुस्तकाचा. कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण माझं हेच ऑर्वेलच्या '1984'बद्दल झालं होतं.

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे मोटारीची थ्री फेज वीज रात्रीची होती. लाईट येईपर्यंत मी मोटारीच्या खोलीत बॅटरीच्या उजेडात वाचत बसायचो. चोरून डायरी लिहिणारा विन्स्टन, घरातसुद्धा नजर ठेवणारा टेलिस्क्रीन, सगळं अधाशासारखं वाचलं. मग दुसऱ्या भागात, आता विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया कधी पकडले जातात म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना, विन्स्टनच्या हाती राजवटीचा शत्रू गोल्डस्टाइन याचं पुस्तक येतं आणि लेखक ते पानंच्या पानं उतरवून देतो. सत्ता, युद्ध, वर्ग. नुसता निबंध. तीन रात्री मी तिथंच अडकलो.

दिवाळीला आत्या माहेरी आली तेव्हा आतेभावाला हे सांगितलं. तो भुसावळला शिकवतो. भर पंक्तीत म्हणाला, 'तुला मारामारी लागते रे. संथ वाचायला धीर लागतो.'

धीर? केळी लावल्यापासून घड कापेपर्यंत 11-12 महिने जातात. रस्त्यानं जाणाऱ्याला बाग नुसती उभी दिसते, पण आत रोज काही चालू असतं. पोंगा, म्हणजे नवं पान, उलगडतो, बुंध्याजवळची पिलं काढावी लागतात, बाग निसवते, म्हणजे घड बाहेर पडतात. संथ म्हणतात ते याला. त्या निबंधात कोणाचंच काही पुढं सरकत नाही. विन्स्टन तो ज्युलियाला वाचून दाखवतो, तर तिलाही झोप लागते! हे पान तेव्हाच भावापुढं ठेवायला हवं होतं.

एक मात्र कबूल. अमेरिकेतल्या एका बुक क्लबनं हा भाग आणि शेवटचं परिशिष्ट गाळायला सांगितलं, तर ऑर्वेलनं साफ नकार दिला, मोठी रक्कम हातची जाईल हे माहीत असून. म्हणजे त्याला तो तिथं हवाच होता. आणि तिसरा भाग मी एका बैठकीत संपवला. छळाची ती खोली क्रमांक 101 येईपर्यंत लाईट कधी आली तेही कळलं नाही.

म्हणून सोडू नका. अडलात तिथली पानं उलटून पुढं जा. कोणी तुमचा धीर काढला तर त्याला विचारा, या शंभर पानांत पहिल्या दहा पानांपेक्षा नवीन काय कळलं ते सांग. आतेभावाला मी या दिवाळीत विचारणार आहे.