मालवणहून मेटालिकाच्या टूरला: पाच शहरं नकोत, एक शहर आणि दोन रात्री

प्रश्न थोडक्यात असा की मालवणचे चार मित्र, दोघं मासेमारीत, एकाचा होमस्टे, एकाची आंब्याची बाग, मेटालिका (अमेरिकेचा हेवी मेटल बँड) पुढच्या वेळी युरोपात उतरली की टूरमागे पाच शहरं फिरायची आहेत, व्हिसा मिळेल का आणि पैसे कुठे वाचवायचे. मी देवगडकडचा, आमचा ग्रुप २०२४ ला पोलंडमधल्या वॉर्साचे त्यांचे दोन्ही शो करून आला, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

पहिलं म्हणजे पाच शहरांचं खूळ काढा डोक्यातून. पाच शहरं म्हणजे पाच वेळा बॅगा भरा, पाच हॉटेलं, मधल्या ट्रेन नाहीतर विमानं, आणि शहर म्हणून बघणार काय तर स्टेशन आणि स्टेडियम. त्यात मेटालिकाच्या एम ७२ टूरची (२०२३ ला ॲम्स्टरडॅमपासून सुरू झालेली) गंमतच ही होती की बऱ्याच शहरांत दोन रात्री शो, मध्ये एक दिवस सुट्टी, आणि दोन्ही रात्रींत एकही गाणं रिपीट नाही. सपोर्ट बँडसुद्धा (आधी वाजवणारे) वेगळे, वॉर्साला एका रात्री आर्किटेक्ट्स आणि मॅमथ, दुसऱ्या रात्री फाइव्ह फिंगर डेथ पंच आणि आइस नाइन किल्स. म्हणजे एकाच खोलीत राहून दोन पूर्ण वेगळे शो मिळाले, मग प्रवासात पैसे आणि कंबर कशाला मोडायची? पुढची टूर अशीच असेल असं नाही, पण तारखा आल्या की आधी जोडीचे शो शोधा. फार तर अजून एक शहर जोडा, तेही ट्रेनने जाण्यासारखं.

इथे कोणीतरी म्हणेल इंडियात येतील की, थांबा. थांबा बापडे. २०११ ला आली होती, दिल्लीजवळचा शो ऐनवेळी कॅन्सल, बंगळूरचा झाला, त्यावेळी कॉलेजात असलेली आमच्यातली पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडतात. आता मुंबईत मोठे शो व्हायला लागलेत, २०२५ ला कोल्डप्ले झाला, गन्स एन रोझेस झाला, पण आपल्याच बँडची वाट बघत बसणं म्हणजे मे महिन्यात मिरगाच्या पावसाची.

आता आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट, आणि ही मुंबई-पुण्याच्या पोरांना नाही आपल्यालाच आहे. युरोपातले स्टेडियम शो मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत असतात, कारण तेव्हा त्यांच्याकडे ऊन आणि फुटबॉलचा सीझन संपलेला. आणि आपल्याकडे? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बोटी वर काढलेल्या, खलाशी गावी गेलेले. बागायतदाराचा हापूस जूनच्या आत आटपलेला. होमस्टेवाल्याचं तर विचारूच नका, किल्ल्याची होडी बंद, स्कुबा बंद, पर्यटक नाही. त्यांचा सीझन तो आपला ऑफ सीझन. फक्त बागवाल्याने मेमधले शो धरू नयेत, शेवटची पेटी गेल्याशिवाय जीव लागत नाही तिकडे. आणि ऑगस्टच्या शेवटाचे, सप्टेंबरचे शो असतील तर चतुर्थीची तारीख बघा आधी, चाकरमानी गावाला येत असताना आपण उलटे विमानात बसलो तर घरचे परत दारात घेणार नाहीत.

व्हिसा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर जाऊ नका, उन्हाळ्यासाठी मुंबईच्या अपॉइंटमेंट फार लवकर भरतात. म्हणजे तिकिटं हातात आली की लगेच तारीख धरा, आपल्या लोकांना फेब्रुवारी-मार्चमध्येच मुंबईची एक फेरी मारावी लागते, आणि तेव्हा आंब्याचा सीझन तोंडावर, हे बागवाल्याने लक्षात ठेवा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर पहिला जिथे उतरणार त्याच्याकडे. फी मोठ्या माणसाला ९० युरो (जून २०२४ च्या आधी ८० होती), वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. लंडन, ग्लासगोचे शो असतील तर त्याला यूकेचा वेगळा व्हिसा, शेंगेनवर चालत नाही, म्हणून पहिल्या वेळी ते सोडून द्या असं माझं स्पष्ट मत.

आपली खरी अडचण कागदांची असते. नोकरीवाला सॅलरी स्लिप टाकतो आणि मोकळा होतो, आपण काय टाकणार? शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बऱ्याच बागायतदारांच्या रिटर्नमध्ये दिसायला फार काही नसतं. तरी रिटर्न भरलेला असावा, शेतीचं उत्पन्न त्यात दाखवलेलं असावं. सोबत सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विकल्याच्या हिशोबाच्या पावत्या) आणि त्या पट्टीचे पैसे बँकेत जमा झालेले दिसतील असं स्टेटमेंट. मासेमारीवाल्यांनी बोटीचं रजिस्ट्रेशन, मच्छिमार सोसायटीचं पत्र, होमस्टेवाल्याने त्याचं रजिस्ट्रेशन. रोखीत धंदा करणाऱ्यांनी आतापासून पैसे बँकेतून फिरवायला लागा. अर्जाच्या आठवड्यात एकदम दोन-तीन लाख जमा झालेले दिसले की बघणाऱ्याला शंका येणारच, ते उसने आणलेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा की जूनपासून बंदी असते, १ ऑगस्टला बोट समुद्रात जाणार, तेव्हा परत यायलाच लागतं. परत येण्याचं याहून पक्कं कारण आयटीवाल्याकडे पण नसतं.

तिकिटं फॅन क्लबच्या प्रीसेलमधून (सगळ्यांच्या आधीच्या विक्रीतून) घ्या, दोन रात्रींची जोडतिकिटं आधी निघतात, सुट्या दिवसांची नंतर. रीसेलच्या भलत्या साइटवर जाऊ नका, इटलीत तर मोठ्या शोच्या तिकिटावर माणसाचं नावच असतं, दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन गेटवर मालवणीत वाद घालून उपयोग नाही. उभं राहायचं की बसायचं? एम ७२ चं स्टेज मैदानाच्या मधोमध, गोल रिंगसारखं, रिंगच्या पोटात स्नेक पिट म्हणजे उभं राहणाऱ्या प्रेक्षकांची जागा, भोवती आठ टॉवर, आणि ड्रमर लार्ससाठी चार ड्रमसेट वेगवेगळ्या बाजूंना, गाणी पुढे सरकतात तसा तो जागा बदलतो. त्यामुळे पुढे घुसायची मारामारी करायची गरज नव्हती, कुठेही उभे राहा, थोड्या वेळाने कोणीतरी तुमच्यासमोर येतंच. आम्ही पहिल्या रात्री खाली उभे होतो आणि दुसऱ्या रात्री वर बसलो, आणि खरं सांगतो, बसून जास्त मजा आली, पूर्ण रिंग दिसते. आमच्यातल्या एकाला हे अजून पटत नाही, तो म्हणतो रॉक शो बसून बघायचा तर घरी टीव्ही काय वाईट.

इअरप्लग न्या. हसू नका. कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होत जातो, १०० ला पंधरा मिनिटं, आणि असे शो त्याच्याच आसपास दोन तास वाजतात. म्युझिकवाले प्लग मिळतात, गाणं नीट ऐकू येतं, फक्त धार कमी होते. मोठ्या बॅगा आत घेत नाहीत, साधारण ए-फोर कागदाच्या मापाची चालते, तरी स्टेडियमची साइट बघून घ्या. गर्दीत नेटवर्क मरतं, म्हणून शो संपल्यावर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आणि 'गेटजवळ' असं नाही, गेटचा नंबर.

वॉर्सा निवडायचं कारण खर्च. पोलंड शेंगेनमध्ये आहे पण चलन झ्लॉटी, जेवणखाण पश्चिमेपेक्षा स्वस्त. मिल्क बार म्हणून जुन्या पद्धतीच्या खानावळी आहेत तिकडे, सूप, पिएरोगी (सारण भरलेले मोमोसारखे), बटाटा, पोटभर आणि परवडणारं. पैसे एअरपोर्टवर बदलू नका, शहरात कांटोर म्हणून बदलीची दुकानं असतात तिथे रेट बघून बदला. स्टेडियम विस्तुला नदीच्या पलीकडे, मेट्रोचं स्टेशन स्टेडियमच्याच नावाचं, त्यामुळे हॉटेल स्टेडियमला चिकटून नको, मेट्रोच्या लाइनवर कुठेही चालेल. चौघांची कॉन्ट्री एकाकडे, हिशोब ॲपवर, रोज रात्री. हिशोब तुंबला की भांडणं होतात, मग बँड राहतो बाजूला.

खाण्याचं सामान. युरोपात बाहेरून मटण-चिकन आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तुपातले लाडू पण नकोत. आंबा कागदपत्रांशिवाय चालत नाही, त्यामुळे पोलिश मित्रासाठी पेटी वगैरे विसरा. नारळ मात्र त्या कागदपत्रांतून सुटलाय, कोणाला न्यायचा असेल तर न्या बाबा. आणि गंमत म्हणजे माशावर मटणासारखी बंदी नाही, साफ केलेला सुका मासा ठराविक वजनापर्यंत चालतो. ग्रुपमध्ये हे कळल्यावर एकजण खूष झाला तर दुसरा म्हणाला, "रे मेल्या, सुको बांगडो घेतलंस तर तुझी बॅग माझ्या बॅगेशेजारी ठेवूची नाय." आम्ही मेतकूट आणि चटण्यांवर भागवलं.

जाताना पावसाळा असणार हे विसरू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, दरड आली की सगळंच लटकतं, घाटातही तेच. कुडाळहून रात्रीची गाडी पकडून सकाळी मुंबईत उतरू आणि दुपारचं विमान धरू असला हिशोब करू नका, एक दिवस आधी मुंबईत पोचा. तिकडे पण शोच्या आदल्या दिवशी उतरा. २०२३ ला ॲरिझोनात मेटालिकाचा गायक जेम्सला कोविड झाला आणि दुसऱ्या रात्रीचा शो आठवडाभर पुढे गेला, असं झालं तर तिकिटाचे पैसे मिळतील, विमानाचे कोण देणार? म्हणून हॉटेल फ्री कॅन्सलेशनचं घ्या.

आणि आज रात्रीच चौघांचे पासपोर्ट काढून बघा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत हवी, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. एकाचा जरी रिन्यू करायचा असेल तर तो अर्ज आधी टाका, तारखा काय, येतील तेव्हा येतील.