वजन उतरवताना सावजी मटणावरची तर्री परवडते का?

तुमचे वजन ८४ किलो आहे, चार महिन्यांपासून तुम्ही दिवसाला १६०० कॅलरींचा हिशेब पाळत आहात, आणि रविवारी मित्रांबरोबर नागपूरच्या सावजी खानावळीत बसल्यावर मटणावरची तर्री, म्हणजे रस्स्यावर तरंगणारे लाल तेल, त्या हिशेबात बसवावी की उकडलेली कोंबडी खाऊन उठावे, असे तुम्ही विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. आमची कोरडवाहू शेती आहे, घरात पाच माणसे जेवतात आणि सत्तावीस वर्षांपासून स्वयंपाक माझ्या हाती आहे. पंधरा महिन्यांपूर्वी माझे वजन ७९ किलो होते, आज ते ६८ आहे, आणि या काळात मी मटण सोडलेले नाही व तर्रीही सोडलेली नाही. त्या अनुभवावरून सांगते की तर्री अवश्य खावी, पण ती मटणाच्या खात्यात न धरता तेलाच्या खात्यात मांडावी, आणि तिच्यापुरते तेल आठवडाभराच्या साध्या भाज्यांतून आधीच वाचवून ठेवावे.

आपल्याकडे वजन वाढले की पहिला आरोप मटणावर येतो, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांप्रमाणे बोकडाच्या चरबीविरहित १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे ११८ कॅलरी, २१ ग्रॅम प्रथिने आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. मेंढीच्या मांसात कॅलरी वाढून १९४ पर्यंत जातात, कारण त्यात चरबी अधिक असते. म्हणजे ताटात पडणारे बोकडाचे चार-पाच तुकडे तुमच्या १६०० कॅलरींना फारसा धक्का लावत नाहीत, उलट प्रथिनांमुळे पोट बराच वेळ भरलेले राहते. तेलाचे गणित मात्र अगदी वेगळे आहे. कोणतेही खाद्यतेल घ्या, एका ग्रॅमला ९ कॅलरी, आणि औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या ५ मिलीच्या लहानशा चमच्यात सुमारे ४० कॅलरी. सावजी रस्सा कसा होतो हे ज्याने पाहिले आहे त्याला हे तेल कुठून येते ते सांगावे लागत नाही. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, धने, दगडफूल, कलमी (दालचिनी), लवंग, मिरे हे सारे पाट्यावर बारीक वाटून तेलात इतके परतायचे असते की मसाल्याला सगळीकडून तेल सुटले पाहिजे. तेल कमी पडले तर मसाला बुडाला लागतो आणि रस्सा कडवट होतो. पुढे पाणी घालून मटण शिजले की तेच तेल मिरचीचा लाल रंग घेऊन वर येते, आणि त्यालाच आपण तर्री म्हणतो.

मागच्या पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी हे प्रत्यक्ष मोजले. मुलीने पुण्याहून स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा आणून दिला होता, आणि तोपर्यंत मी त्यावर फक्त साखर मोजली होती. त्या दिवशी जेवायला आठ माणसे होती. दीड किलो मटण होते, आणि फोडणीसाठी नेहमीच्या अंदाजाने जेवढे तेल मी गंजात (पातेल्यात) ओतते तेवढे आधी वाटीत काढून मोजले, तर ते २०० ग्रॅम भरले. मटण शिजल्यावर गंज खाली उतरवून पंधरा मिनिटे तसाच राहू दिला. उकळी थांबली तशी तर्रीची लाल साय एकसंध झाली, तिच्या कडा गंजाला चिकटल्या, आणि मध्ये कुठे कुठे मटणाच्या चरबीचे पिवळसर गोल ठिपके दिसू लागले. ती मी पळीने अलगद काढली. पळी थोडी जरी खोल गेली तरी खालचा रस्सा येतो, म्हणून तिची फक्त कड बुडवायची. काढलेले सर्व एका वाटीत स्थिर होऊ दिले, वरचे तेल दुसऱ्या वाटीत निथळून घेतले आणि ते काट्यावर ठेवले. १४० ग्रॅम. हे सुमारे १२६० कॅलरींचे तेल आहे, आणि ज्वारीच्या ७० ग्रॅम पिठाची एक भाकर धरली तर पाच भाकरींएवढे ते होते. एवढे काढल्यावरही रस्सा झणझणीत लागत होता, आणि ज्यांना सांगितले नव्हते त्यांच्यापैकी कोणीही काही कमी पडल्याचे म्हणाले नाही. सासूबाईंनी मात्र रंगावरून ओळखले, म्हणून त्यांच्या वाटीत दोन चमचे तर्री परत घातली.

त्या दिवशीच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यातच आहे. २०० ग्रॅम तेल आठ माणसांत समान वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम येते. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषासाठी दिवसभराचे वरून घ्यायचे तेल-तूप सुमारे २५ ग्रॅम आणि स्त्रीसाठी सुमारे २० ग्रॅम असावे, असे पोषण संस्थेच्या शिफारशींत आहे. म्हणजे एका जेवणात दिवसाचा वाटा संपतो. वर्षातून दहा-बारा वेळा होणाऱ्या अशा जेवणाने ७९ किलो वजन होणार नाही, मग उरलेले तेल जात कुठे होते, हे शोधण्यासाठी मी तेलाच्या पिप्याचा हिशेब मांडला. पंधरा किलोचा पिपा आमच्या पाच माणसांत ५५ दिवसांत संपत होता. भागाकार केला तर माणशी रोजचे जवळजवळ ५५ ग्रॅम तेल निघते, म्हणजे निव्वळ तेलाच्या सुमारे ४९० कॅलरी, आणि त्यांत सणावारापेक्षा रोजच्या भेंडीचा, पालकाच्या भाजीचा, वरणावरच्या फोडणीचा आणि सकाळच्या पोह्यांचाच वाटा मोठा होता. भेंडी दोन चमचे तेलात होते तिथे मी पाच चमचे ओतत होते, आणि त्या जादा तीन चमच्यांनी भाजीला कोणतीही वेगळी चव येत नव्हती. ते तेल भाजी संपल्यावर ताटलीच्या बुडाशी दिसायचे आणि आम्ही ते भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घ्यायचो. पुरुष माणसे बैलांच्या मागे दिवसभर वखर धरत आणि बायका वाकून निंदण करत तेव्हा हे तेल अंगी लागत नसे. आता ट्रॅक्टरने वखरणी होते आणि वावरात जायलाही मोटारसायकल लागते. आता तोच पिपा शंभर दिवस जातो. माझे जे वजन उतरले त्याचा मोठा भाग या बदलाचा आहे, आणि त्यासाठी एकही आवडता पदार्थ बंद करावा लागला नाही.

म्हणून तर्री परवडते का हे ठरवताना मी स्वतःला एक प्रश्न विचारते, की या तेलाने जेवणात काय आणले. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. तिचा लाल रंगही तेलातच उतरतो, आणि लवंग, कलमी, दगडफूल यांचा सुगंधही मुख्यतः तेलच धरून ठेवते. रस्स्याच्या एका पळीत जे काही सावजी असते त्याचा बराचसा भाग वरच्या एका चमच्यात गोळा झालेला असतो. त्या ४० कॅलरींना मोल आहे. भेंडीतल्या जादा तेलाला ते नाही. परंतु पहिल्या दोन चमच्यांनी जी चव आणली ती दहा चमच्यांनी पाचपट होत नाही, जीभ तोपर्यंत भरलेली असते, आणि म्हणून माझी मर्यादा लहान दोन चमचे, म्हणजे ८० कॅलरी, अशी आहे.

उकडलेल्या कोंबडीबद्दल तुम्ही विचारले आहे, तर तोही प्रयोग मी केलेला आहे. सुरुवातीला शहरातल्या एका आहारतज्ज्ञांनी मला छापील कागद दिला होता. त्यात सकाळी ओट्स, दुपारी उकडलेल्या भाज्या, सायंकाळी सफरचंद आणि ऑलिव्ह तेल असे लिहिलेले होते, आणि मटणापुढे फुली होती. आमच्या गावात सफरचंद आठवडी बाजाराच्या दिवशीच दिसते. मी तीन आठवडे तो कागद पाळला, चौथ्या आठवड्यात एका लग्नात पंगतीला बसले आणि त्या एका दुपारी इतके जेवले की पुढचे दोन दिवस मी त्या कागदाकडे पाहिलेही नाही. जो आहार आपल्या ताटासारखा दिसत नाही तो किती दिवस टिकतो, हे मला त्या वेळी कळले. तुम्ही चार महिने टिकला आहात. रविवारचे ते ताट हिरावून घेतले तर पाचवा महिना अवघड जाईल, अशी मला खरोखर काळजी वाटते.

तर्रीपेक्षाही एका गोष्टीपासून मी तुम्हाला सावध करू इच्छिते, आणि ती म्हणजे भात. सावजीचे तिखट जिभेला लागले की माणूस पाण्याऐवजी भाताकडे वळतो. एक वाढणी होते, रस्सा उरतो, मग रस्स्यासाठी भात, मग भातासाठी रस्सा. खानावळीत रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो, आणि तर्री भातात मुरल्यावर ती किती गेली हे दिसतसुद्धा नाही. त्यामुळे मी मटणाबरोबर भाकरच खाते. एक भाकर, फार तर दीड. भाकर ज्या वाटीत बुडवतो ती वाटी डोळ्यांसमोर असते आणि घासागणिक चावावे लागते. बरोबर कांदा, मुळा, काकडी जे असेल ते भरपूर घ्यावे आणि लिंबू पिळावे.

जवसाच्या तेलाचा मुद्दाही इथे सांगितला पाहिजे, कारण आमच्या भागात अनेक जण तो पुढे करतात. सावजी जेवण हे मूळचे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकर समाजाचे, आणि जुन्या काळी ते जवसाच्या तेलात होत असे. जवसाच्या तेलात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले अर्ध्याच्या आसपास असतात, हे खरे आहे आणि ते चांगलेच आहे. मात्र त्यामुळे त्याच्या कॅलरी कमी होत नाहीत. ग्रॅमला ९ हा आकडा जवस, शेंगदाणा, सोयाबीन, सरकी सगळ्यांना सारखाच लागू आहे. तेल गुणाचे आहे म्हणून ते जास्त घ्यावे, हा तर्क वजनाच्या बाबतीत चालत नाही.

नागपुरात राहत असाल तर सकाळच्या तर्री-पोह्यांचा हिशेबही एकदा लावून पाहा. पोह्यांच्या फोडणीत तेल असते, त्यावर चण्याची तर्री पडते, वरून शेव पडते, आणि हे आठवड्यातून चार-पाच वेळा होते. तिथे मात्र मी तर्री नको म्हणेन, किंवा चणे व खालचा रस्सा घेऊन वरचे तेल टाळेन, आणि ते वाचलेले तेल रविवारसाठी राखून ठेवेन.

खानावळीत बसल्यावर वाढणाऱ्या दादांना रस्सा ढवळून न देता खालून द्यायला सांगा आणि तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्या. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. वेगळ्या वाटीतली तर्री दिसते, म्हणून मोजता येते. भाकरीचा तुकडा आधी रस्स्यात बुडवावा आणि मग त्याचे टोक तर्रीला लावावे, म्हणजे प्रत्येक घासात ती जिभेला आधी भेटते आणि दोन चमचे पूर्ण जेवणाला पुरतात. खानावळीच्या रस्स्यात मीठही पुष्कळ असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर किलोभर वजन जास्त दिसले तर घाबरू नका. ते बहुतांशी मिठाने धरून ठेवलेले पाणी असते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. तुम्हाला रक्तदाब असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण तेव्हा प्रश्न फक्त कॅलरींचा राहत नाही.

घरी करणार असाल तर माझी पद्धत सांगते. मसाला परतताना एकदम तेल न ओतता थोड्या तेलात सुरुवात करावी, आणि मसाला बुडाला लागू लागला की मटणाचे गरम पाणी चमचा-चमचा घालत जावे. त्याला वेळ अधिक लागतो, पण दीड किलोला ९० ग्रॅम तेलात काम भागते. वर येणारी तर्री मग आपोआपच बेताची असते. रंग हवाच असेल तर कढल्यात दोन चमचे तेल तापवून खाली उतरवावे, ते जरासे निवले की त्यात भिवापुरी मिरचीचे तिखट घालावे आणि ज्याला हवे त्याच्या वाटीत वरून सोडावे. तेल धूर येईपर्यंत तापलेले असेल तर तिखट जळून काळे पडते आणि ठसका लागतो. जास्तीची तर्री निघालीच तर ती फेकू नका. मी ती स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि पुढच्या तीन-चार दिवसांत चणे किंवा वांग्याच्या भाजीला फोडणीच्या तेलाऐवजी तीच एक चमचा वापरते. नवे तेल अजिबात लागत नाही, आणि बुधवारच्या वांग्याला करीच्या मटणाचा वास येतो.