आतड्याच्या ऑपरेशननंतर वडिलांचे जुलाब थांबत नाहीत, खायला काय द्यावं?

तुम्ही सोलापूरहून लिहिलंय की उजव्या बाजूचं मोठं आतडं आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक काढून ३ महिने झाले, दिवसाला ८-१० वेळा जावं लागतं, 'पाणी मात्र भरपूर पाजतोय'. या शेवटच्या चार शब्दांसाठीच उत्तर लिहायला घेतलं.

तहान नुसत्या पाण्यावर भागवू नका. मीठ आणि साखर सोबत असली की आतडं पाणी नीट ओढून घेतं. बिनमिठाचं पाणी उलट शरीरातलं मीठ आतड्यात खेचतं आणि ते घेऊन बाहेर पडतं. आतडं जितकं कमी उरलंय, तितका हा त्रास जास्त. उसाच्या रसात साखर इतकी, की ती पातळ करायला आतडंच पाणी सोडतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन येतो आणि नको म्हटलं की आपण वाईट ठरतो. ठरू द्या. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात घाला, २४ तासांत घोट घोट संपवा. ग्लासात अर्धं पाकीट ओतलं तर जुलाब वाढतात. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये लघवी मापाच्या भांड्यात मोजा. दिवसाला १ लिटरच्या आसपास हवी.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी तूर्त बंद. 'भाकरीशिवाय ताकद येत नाही' हा वाद घरोघरी होतो, पण दुधात कुस्करली तरी कोंडा तोच, वर दुधाची साखर. मऊ भात, मुगाचं वरण, पिकलं केळं, ताजं दही, उकडलेलं अंडं, थोडं थोडं ५-६ वेळा. पातळ पदार्थ जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर.

लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) लिहून दिलं असेल तर जेवणाआधी अर्धा तास. जेवणानंतर घेऊन 'गुण नाही' म्हणणारेच जास्त. पाण्यासारखी, पिवळट-हिरवट, जळजळणारी शौच असेल तर पित्ताम्लांबद्दल (पित्तातली आम्लं, जी पुन्हा शोषली न जाता मोठ्या आतड्यात उतरतात) डॉक्टरांना विचारा, त्यावर कोलेस्टायरामिन पावडर असते. पण लहान आतडं १ मीटरपेक्षा जास्त काढलं असेल तर तिनेच तेलकट जुलाब वाढू शकतात. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर किती सेंटिमीटर लिहिलंय ते बघा. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या टोकातच शोषलं जातं, तपासणी करून घ्या, इंजेक्शन कायमचं लागू शकतं.

बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर ओआरएसचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ताप असेल, रक्त पडत असेल किंवा अँटिबायोटिकनंतर जुलाब वाढले असतील, तर शौचाची तपासणी होईपर्यंत लोपेरामाइड देऊ नका.